सरकारी निधी कापला की प्रौढांना शिकवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं काय होतं?

पहिली कात्री तिथेच लागते. वर्ग बंद पडला तर लोक विचारतात. उजळणी शिबिर रद्द झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. केंद्राचा प्रौढ साक्षरता कार्यक्रम 'उल्लास' (२०२२-२७) देशभरासाठी १,०३७.९० कोटींचा, आणि शिकवणारे बिनमानधनाचे स्वयंसेवक. साठीतल्या बाईंना अक्षर गिरवायला लावणं पहिलीच्या पोराला शिकवण्यासारखं नसतं. ते समोरासमोरच्या शिबिरात समजतं. शिबिर गेलं की उरतं मोबाइलवरचं 'दीक्षा' हे सरकारी शिक्षण अ‍ॅप, तेही गोव्यातल्या काणकोण-सत्तरीच्या आतल्या वाड्यांवर रेंज मिळाली तर! त्यात ३० मे २०२५ला गोवा पूर्ण साक्षर जाहीर झाला, म्हणजे आता पैसे मागितले की 'कशाला?' ऐकायची तयारी ठेवा. 'उल्लास' शाळेमार्फत राबवला जातो, तेव्हा प्रशिक्षणाची मागणी मुख्याध्यापकांमार्फत लेखीच द्या.