रानातले क्रोकस : कधी जावं, काय बघावं
वाचकांचे प्रश्न

या वेळचे सगळे प्रश्न एकाच फुलाचे आहेत : बर्फ वितळताच युरोपातल्या डोंगरकुरणांवर उमलणारा जंगली क्रोकस. केशराचं झाड याच घराण्यातलं, त्यामुळे नाव आपल्या वाचकांना अगदीच परकं नाही.

प्रश्न : आम्ही झुरिचला राहतो. एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी मुलांना घेऊन रेमिसगुमेनच्या डोंगरावर गेलो, तर फुलं मान टाकून पडलेली. ‘मार्च-एप्रिल’ असंच सगळीकडे लिहिलेलं असतं. नेमकं कधी जायचं?

तारीख धरून गेलात म्हणून हुकलं. क्रोकसची वेळ बर्फावर ठरते. कळी आदल्या शरदातच जमिनीखालच्या कंदात तयार होऊन बसलेली असते. वरचा बर्फ पातळ झाला की कोंब पुढे सरकतो, कधी बर्फाच्या पापुद्र्यातून आरपार वर येतो, आणि जमीन उघडी पडल्यावर दोन-चार दिवसांत फूल. एका जागेचा बहर आठवडा-दहा दिवसांचा. दक्षिणेकडून गरम फ्योन वारा सुटला तर तोच चार-पाच दिवसांत आटोपतो.

तेव्हा निघण्याआधी त्या भागातल्या एखाद्या हॉटेलचा किंवा रोपवेचा वेबकॅम बघा. तपकिरी गवत आणि पांढरा बर्फ यांची सीमा ज्या उंचीवर दिसते, त्याच्या जरा खालचा पट्टा तुमचा. ढोबळ हिशेब असा, की दर 100 मीटर चढाला बहर तीन-चार दिवस मागे पडतो, आणि उत्तरेकडचा सावलीतला उतार उन्हाच्या उतारापेक्षा दोन-तीन आठवडेही मागे राहू शकतो. रेमिसगुमेनची धार साधारण 1300 मीटरवर आहे. तिथे उशीर झालाच, तर त्याच आठवड्यात 1600-1800 मीटरची कुरणं गाठा. मे महिन्यातही निराश होणार नाही.

वाट सांगायची तर बर्न-लुत्सर्न मार्गावरच्या ट्रुबशाखेन स्टेशनवरून चालत दोन ते अडीच तास लागतात. वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवरचे तास विश्रांती न धरता लिहिलेले असतात. लहान मुलं बरोबर असतील तर त्यात निम्मे आणखी मिळवा. बर्फ नुकताच गेलेला असल्याने वाट चिखलाची, म्हणून घोट्यापर्यंतचे बूट हवेत.

आणखी एक चूक बरेच जण करतात : सकाळी आठलाच वर पोचतात. क्रोकसचं फूल ऊब ओळखतं. ऊब मिळाली की पाकळ्यांची आतली बाजू भराभर वाढते आणि फूल उघडतं, गारठ्यात बाहेरची बाजू वाढते आणि मिटतं. उन्हाच्या दिवशी अकरा ते तीन ही वेळ उत्तम. मात्र ढग आले म्हणून लगेच परत फिरू नका. मिटलेल्या फुलाच्या बाहेरच्या पाकळ्यांवरचे पट्टे फक्त तेव्हाच नीट दिसतात.

प्रश्न : एकाच कुरणात शुभ्र, फिकट जांभळी, गडद जांभळी आणि पट्ट्यापट्ट्यांची फुलं पाहिली. या चार जाती का? (म्युनिक)

नाही, बहुतेक वेळा जात एकच. या फुलातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे आणि ती घाईत सुटून जाते.

रायवळ आंबा आठवा. कोयीतून उगवलेली दोन झाडं शेजारी असली तरी एकाचा आंबा साखर, दुसऱ्याचा आंबट. कलमी हापूस मात्र बाग बदलली तरी हापूसच. बागेतले डच क्रोकस हापूससारखे : एका निवडलेल्या झाडाच्या कंदांपासून वाढवलेले, म्हणून हजार फुलं एकसारखी. रानातला क्रोकस रायवळ आहे. मधमाश्या आणि भुंगे या फुलाचा पराग त्या फुलाला नेतात, बी धरतं, आणि प्रत्येक बियाचा रंगाचा वाटा वेगळा पडतो. जांभळं रंगद्रव्य पूर्ण उतरलं तर गडद फूल, नुसतं शिरांच्या कडेने उतरलं तर पट्टे, पाकळीत उतरलंच नाही तर पांढरं. पांढऱ्या फुलाची खालची नळी अनेकदा जांभळीच राहते; वाटेवर वाकून बघा, दिसेल.

बघण्याची पद्धत सांगतो. वाटेच्या कडेची दहा फुलं निवडा आणि प्रत्येकाच्या पाच गोष्टी टिपा. पहिली, आतला रंग. दुसरी, बाहेरच्या तीन पाकळ्यांच्या पाठीवरचा रंग, कारण आतल्या तीन आणि बाहेरच्या तीन पुष्कळदा जुळत नाहीत. तिसरी, टोकाला गडद डाग आहे का. चौथी, घसा म्हणजे नळीचं तोंड : रंग कुठला आणि बारीक लव आहे का. पाचवी, मधली नारिंगी कुक्षी (पराग झेलणारं टोक) तीन पुंकेसरांच्या खाली राहते की वर डोकावते.

पहिल्या दोन गोष्टी फुलाफुलाला बदलतात, त्यांच्यावरून जात ठरवू नये. शेवटच्या दोन बऱ्यापैकी टिकाऊ. आल्प्समधल्या छोट्या क्रोकसची कुक्षी सहसा पुंकेसरांहून आखूड असते, घसा पांढरा किंवा जांभळट आणि लवदार. पोलंडच्या तात्रा डोंगरात, खोखोवोव्स्का खोऱ्यात, एप्रिलमध्ये फुलणारा क्रोकस याहून मोठा आणि बहुतेक जांभळा. कार्पेथियन डोंगरांत पाकळीच्या टोकाला गडद खूण असलेली फुलं भेटतात. क्रीट बेटावरच्या ओमालोस पठाराकडचा तर निराळाच : पांढरी पाकळी, पिवळाधमक घसा, आणि बाहेरून जांभळ्या रंगाचे फटकारे, ते एका फुलावर रुंद तर शेजारच्यावर नावापुरते. घसा असा पिवळाधमक दिसला की आल्प्समधला तो छोटा क्रोकस नव्हे, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

जुन्या आणि नव्या पुस्तकांत या फुलांची शास्त्रीय नावं जुळत नाहीत, कारण नावांची फेरमांडणी झाली आहे. त्यात अडकू नका. पाच गोष्टींची नोंद आणि जागेची उंची लिहून ठेवली तर नाव नंतरही लावता येतं.

प्रश्न : यातून केशर मिळेल का?

नाही. केशराचा क्रोकस शरदात फुलतो. काश्मीरमध्ये पांपोरच्या शेतांत ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. त्याच्या तीन लांब लाल कुक्षी वाळवतात तेव्हा एका ग्रॅमला सुमारे दीडशे फुलं लागतात. त्याला बी धरत नाही, माणूसच कंद फोडून लावत आला. वसंतातल्या क्रोकसची कुक्षी आखूड, आणि तो वासही तिला नाही.

शिवाय एक धोका. त्याच कुरणात वसंतात रुंद, चकचकीत पानांचे झुबके दिसतात. ते कॉल्चिकमचे, त्याचं फूल शरदात येतं आणि हुबेहूब क्रोकससारखं दिसतं. आपल्या कळलावीत जे विष आहे तेच यात आहे. रानलसणाची पानं समजून ती खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. ओळख सोपी : क्रोकसचं पान गवतासारखं अरुंद आणि मध्ये पांढरी रेघ, फुलात पुंकेसर तीन, कॉल्चिकमच्या फुलात सहा.

प्रश्न : फोटोसाठी कुरणात थोडं आत गेलं तर काय बिघडतं? मोकळी जागा बघूनच पाय ठेवतो.

ती जागा मोकळी नसते. उशिरा उमलणारे कोंब मातीच्या अगदी पृष्ठाखाली असतात, ते पायाखाली मोडतात. फूल गेल्यावरही काम संपत नाही : कंद दरवर्षी नवा बनतो, जुन्याच्या डोक्यावर, आणि तो भरण्यासाठी पानांना पुढचे काही आठवडे ऊन लागतं. पान चेपलं की पुढच्या वर्षीची कळी गेली. बियापासून फूल यायला तीन-चार वर्षं लागतात. कासच्या सड्यावर फुलांत लोळून फोटो काढणाऱ्यांचा आपल्याला जो राग येतो, तोच नियम इथेही लावा.

फोटो वाटेवरूनच चांगला येतो. फोन उलटा धरा म्हणजे कॅमेरा जमिनीलगत येईल. ऊन फुलाच्या मागून येईल असे बसा; पट्टे काचेवरच्या रेघांसारखे उजळतात. स्क्रीनवर पांढऱ्या फुलावर बोट दाबून फोकस करा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, नाहीतर पाकळीच्या शिरा पुसल्या जातात.

प्रश्न : पुण्यात कुंडीत लावता येईल का? इथून दोन-चार कंद आणू का?

डोंगरातून कंद उकरू नका, आणि सामानातूनही आणू नका. भारतात लागवडीचे कंद आणायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. भारतातल्या रोपवाटिकांकडे येणारे डच कंद घ्या.

बारा सेंटिमीटरच्या कुंडीत सहा-सात कंद, टोक वर करून, पाण्याचा निचरा होणाऱ्या मिश्रणात लावा. वर दोन बोटं माती. हलकं पाणी देऊन कुंडीच फ्रिजमध्ये ठेवा, 4 ते 7 अंशांवर, दहा-बारा आठवडे. त्या फ्रिजमध्ये सफरचंद, केळी नकोत : त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने कळी आतल्या आत वाळते. कोंब तीन-चार सेंटिमीटर झाले की घरातल्या सगळ्यात गार खिडकीत आणा. जानेवारी संपण्याआधी हे जमलं पाहिजे. फेब्रुवारीच्या उन्हात कळ्या न उमलताच करपतात. दुसऱ्या वर्षी हेच कंद पुण्यात सहसा फुलत नाहीत, कारण पानांना लागणारा लांब, थंड वसंत आपल्याकडे नाही.