केळ्यावरचं चिलट आणि लहान मुलांचा कॅन्सर

प्रश्न : ताई, नातीच्या वर्गातल्या मुलीला मेंदूचा कॅन्सर निघाला. सहा वर्षांची पोर, ना तंबाखू ना काही. त्यावर वाचताना कळलं की यासाठी शास्त्रज्ञ माश्या पाळतात. माशीला कसला आलाय कॅन्सर? आणि तिचा आपल्या पोरांशी संबंध काय?
– एक आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, आधी माशी कोणती ते सांगते. आंबा नासवते ती फळमाशी वेगळी, ही म्हणजे काळ्या पडलेल्या केळ्यावर घोंगावतं ते चिलट, ड्रोसोफिला. बाटलीत मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवून ओतायचं, वर कापसाचा बोळा, झाला संसार, दहाएक दिवसांत अंड्याची माशी तयार. पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेतही पाळतात.

आणि हो, तिलाही ट्युमर होतो. अळीच्या मेंदूत स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी घडवणारी मूळ पेशी असते, ती दुभंगली की एक भाग स्टेम सेलच राहतो आणि दुसऱ्यापासून न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या कामाच्या पेशी बनतात. त्या दुसऱ्याला 'आता पुरे' म्हणणारा जीन म्हणजे प्रोस्पेरो. तो बिघडलेल्या मेंदूचा तुकडा 2005 मध्ये धडधाकट माशीच्या पोटात घालून बघितला तर तो शंभरपटीहून जास्त वाढला, इकडेतिकडे पसरला आणि दोन आठवड्यांत माशी मेली.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर 2016 च्या कामात आहे, फ्रान्समधल्या मार्सेचं. त्यांनी तोच प्रोस्पेरो वेगवेगळ्या वेळी बंद केला. अळी लहान असताना केला तर ट्युमर माशी मोठी झाली तरी वाढतच राहिला, आणि उशिरा केला तर पेशी थोड्या वाढल्या आणि आपल्या आपण थांबल्या! बिघाड तोच, फक्त वेळ वेगळी. कारण लहान वयातल्या पेशींत चिन्मो नावाचं प्रोटीन असतं (आपल्या चिन्मयशी काही संबंध नाही हं), ते वाढ चालू ठेवतं, पुढे एरवी ते आपोआप बंद होतं, पण या ट्युमरमध्ये काही पेशी ते धरूनच बसतात. चिन्मो काढून टाकलं की वाढ थांबते.

मुलांच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये मोठ्यांच्या मानाने जीनमधले बिघाड फार थोडे सापडतात. तंबाखूसारखी वर्षानुवर्षांची झीज तिथे नसतेच, शरीर घडत असतानाच एखादी पेशी 'लहानच' राहून जाते. त्यात त्या पोरीची किंवा तिच्या आईची काही चूक नाही, हे कुणी विचारलं तर नक्की सांगा.

आणि संबंध म्हणाल तर पॅच्ड नावाचा जीन 1980 मध्ये माशीच्या गर्भातच सापडला होता. पेशींना 'वाढा' सांगणाऱ्या निरोपाच्या रस्त्यावर तो लगाम ठेवतो. माणसात तो बिघडला की मेड्युलोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या मेंदूचा कॅन्सर होऊ शकतो. तो रस्ता अडवणारं औषधही आहे, पण वाढत्या वयात त्याने हाडांची वाढ कायमची थांबू शकते, म्हणून डॉक्टर ते लहान पोरांना द्यायला कचरतात. ट्युमर वापरतो तोच रस्ता पोराला उंच व्हायलाही लागतो ना.