पायथॉन स्क्रिप्ट रन होते पण स्क्रीनवर काहीच येत नाही, काऊन?

भाऊ, तुझ्या कोडमध्ये कापसाचे क्विंटल आन भाव घेऊन पैसे काढणारं हिशोब नावाचं फंक्शन आहे, एरर नाही पण उत्तर बी नाही, तं कारण हे की तू फंक्शन लिहिलं पण कॉलच नाही केलं, म्हणजे त्याला चालायला सांगितलंच नाही. डेफ लिहून फंक्शन बनवलं की पायथॉन ते फक्त ध्यानात ठेवते, आतल्या ओळी चालवत नाही. सगळ्यात खाली हिशोब लिहून कंसात क्विंटल आन भाव टाक, अन ही ओळ एकदम डाव्या काठाला पाहिजे, चार स्पेस आत राहिली तं ती फंक्शनचाच भाग होते, मंग पुन्हा तेच.

दुसरं, तुझ्या फंक्शनमध्ये रिटर्न आहे, ते उत्तर फक्त परत देते, स्क्रीनवर दाखवणारं प्रिंट नाही. शेलमध्ये, म्हणजे जिथं एकेक ओळ टाकली की लगेच चालते तिथं, व्हॅल्यू आपोआप दिसते, फाइल रन केली की नाही दिसत, इथं लय जण अडकतात. म्हणून ती कॉलची अख्खी ओळ प्रिंटच्या कंसात टाक.

तरी नाही आलं तं पहिल्याच ओळीवर काहीतरी प्रिंट करून पाह, तेही नाही दिसलं तं फाइल सेव्ह नसंल नाहीतर तू दुसरीच फाइल रन करून राहिला. विंडोजवर डबल क्लिक नको करू, काळी विंडो लगेच बंद होते, कमांड प्रॉम्प्टमधून चालव.