नातू पुढे, आजोबा मागे?

प्रश्न : वय ५८. शिरपूर तालुक्यातून मुलाकडे सुरतला राहायला आलो. पाच वर्षांचा नातू चार महिन्यांत गुजराती बोलायला लागला, मी अजून ‘केम छो’वरच. या वयात भाषा येते का?

उत्तर : येते. नातवाचं ‘मने आप’ (मला दे), ‘मारो वारो’ (माझी पाळी) एवढ्यावर भागतं. तुम्हाला दवाखान्यात दुखणं सांगायचं असतं. नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांच्या १९७८च्या अभ्यासात सुरुवातीच्या महिन्यांत १२ ते १५ वर्षांची मुलं आणि मोठी माणसं पुढे होती, ३ ते ५ वर्षांची सगळ्यांत मागे. लहान मुलं पुढे निघतात ती नंतर, आणि उच्चारात तर हमखास.

उच्चाराचं दार लवकर लोटलं जातं. इंग्रजी घरातलं सहा-आठ महिन्यांचं बाळ हिंदीतल्या ‘ट’ आणि ‘त’मधला फरक ओळखतं, वर्षाचं होईतो बहुतेकांची ती ओळख जाते. तुम्हाला ही अडचण फारशी नाही. गुजरातीचे बहुतेक आवाज आपल्याकडे आहेतच. फक्त ‘ळ’ सांभाळा. आपल्या खानदेशी बोलीच्या, अहिराणीच्या सवयीने ‘केळां’चं ‘केया’ झालं, तर फळवाला तोंडाकडे बघत राहील.

खरी अडचण जवळीक. अहिराणीतलं आपलं ‘शे’ (आहे) तिथे ‘छे’, ‘मले’चं (मला) ‘मने’, ‘रामना’चं ‘रामनो’. त्यामुळे समजतं सगळं, तोंडातून मात्र अहिराणीच निघते. सुरतच्या उधना-लिंबायत भागात तर तेवढ्यावर निभावतंही, मग शिकणं तिथेच थांबतं. शब्दही फसवतात : गुजरातीत ‘काल’ म्हणजे कालही आणि उद्याही. ‘गई काले’, ‘आवती काले’ असंच पाठ करा.

रोज सहा वाक्यं, सकाळी १० मिनिटं, रात्री १०. वही झाकून आधी आठवून मोठ्याने म्हणा, मगच बघा. नुसतं पुन्हा वाचल्याने आलंय असं वाटतं, येत नाही. तीच वाक्यं तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पुन्हा. आणि कान तपासून घ्या. वयाने उंच पट्टीचे आवाज आधी जातात; ‘स’, ‘फ’ निसटले की दोष भाषेवर जातो.

प्रश्न : घरी अहिराणी बोलल्याने मुलीची मराठी बिघडते, असं शाळेत सांगतात. बंद करू का? (नंदुरबार)

उत्तर : नका करू. दोन भाषांचे शब्द मिसळणं म्हणजे गोंधळ नव्हे. मराठी कमी पडत असेल तर ती वाढवा : रोज १५ मिनिटं गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा. ‘डोया दुखस’ म्हणाली तर टोकू नका, ‘कुठला डोळा दुखतोय?’ एवढंच विचारा.