रिंग धरणाऱ्या हाताकडे आधी बघा

'भरतकाम उजव्या हाताने करते, मग रात्री मुंग्या येऊन जाग येते ती डाव्या हाताने का?' हा तुमचा प्रश्न वाचला आणि राहवेना. हेच दुखणं मी काढलंय. (डॉक्टर नाही हं मी, नुसता अनुभव.)

सुईचा हात हलता असतो. डावा मात्र कापड ताणून धरणारी रिंग आवळून, मनगट आत मुडपून तासन्‌तास तसाच. मनगटातल्या चिंचोळ्या जागेतून बोटांचे स्नायुबंध आणि एक नस जाते. मनगट मुडपलं की तिथला दाब वाढतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर आणि करंगळी ठणठणीत असेल तर संशय तिथलाच. करंगळीही बधिर होत असेल तर नस वेगळी, मग माझं पुढचं सोडून द्या.

मला महिनोन्‌महिने रखडवलं ते एका दवाखान्याने. मानेचा एक्स-रे, गळ्यात पट्टा, गोळ्या. दिवसभर हातांनी काय करता, हे एकानेही विचारलं नाही! मी आपणहून सांगितलं तर 'छान छंद आहे' म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक. दुसरीकडे नसांची तपासणी झाली तोवर डाव्या हाताने बरणीचं झाकणही फिरेनासं झालं होतं. तेव्हा तुम्ही जाल तिथे रिंग सोबत न्या आणि ती कशी धरता ते करून दाखवा. मनगट सरळ ठेवणारी पट्टी रात्री बांधून मला आराम पडला, पण तीही विचारूनच घ्या.

'होईल सवय' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. सवय होते, पण सगळ्याची नाही. सुई ढकलणाऱ्या बोटाची कातडी जाड होते. कापडाखालचं बोट न बघता सुईचं टोक हेरायला शिकतं. रात्री छळणारा गाठीचा टाका झोप झाल्यावर सकाळी सरळ पडतो, कारण मेंदू झोपेतही तो सराव पक्का करत असतो. दबलेली नस मात्र अशी सरावत नाही, अजून बिघडते.

त्यात हात आपोआप चालायला लागले की मन इतकं रमतं की अवघडल्याचं कळतच नाही. गजर लावाल तर 'एवढी पाकळी भरते' म्हणत बंद कराल. त्यापेक्षा दोराच ४५ सेंटीमीटरचा घ्या. तो संपला की रिंग खाली, मूठ उघडायची, लांब कुठेतरी बघायचं. जवळ बघताना डोळ्यातला स्नायू आखडलेला असतो आणि पापण्याही कमी लवतात, त्यालाही उसंत मिळते. लांब दोऱ्याने ओवणं वाचतं म्हणतात, पण गुंता सोडवण्यात तेवढाच वेळ जातो. जमलं तर स्टँडची रिंग घ्या, चैन वाटली तरी.

आणि चाळिशी ओलांडली असेल तर डोळ्यापासून रिंगपर्यंतचं अंतर टेपने मोजून चष्मेवाल्याला सांगा. वाचायच्या नंबरवर भागवायला गेलं की मान आपोआप पुढे जाते.