वाचकांचे प्रश्न : बॉयलरच्या पोटात शिरण्याआधी

प्रश्न : नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी अनुपालन अधिकारी (नियम पाळले जातात ना, ते पाहणारा) आहे. वार्षिक तपासणीला निरीक्षकांसोबत बॉयलरच्या ड्रममध्ये, म्हणजे पाणी-वाफेच्या बंद टाकीत, उतरावे लागते. प्लांटवाले म्हणतात, "कालच बंद केलाय, हात लावून बघा." एवढ्यावर विसंबावे का? नकार देता येतो का?

उत्तर : हात कशाला लागतोय ते आधी पाहा. बाहेर असते ते लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारे आवरण, आणि त्यावरचा पत्रा. तो चालू बॉयलरचाही फारसा तापत नाही. तापमान मोजायचे ते मॅनहोल उघडून, आतल्या धातूचे.

त्याहून मोठा धोका शेजारच्या चालू बॉयलरचा. दोघांची ब्लो-डाउन लाइन (बॉयलरमधले गाळाचे पाणी दाबाने बाहेर सोडायची नळी) एकच असेल, तर तिकडे ब्लो-डाउन मारताच उकळते पाणी आणि वाफ उलटी तुमच्या ड्रममध्ये येऊ शकते. व्हॉल्व्हला कुलूप आहे हे उत्तर चालत नाही, व्हॉल्व्ह जिच्यावर घट्ट बसतो ती सीट झिजली की कुलूपबंद व्हॉल्व्हही गळतो. स्टीम, फीड (पाणी भरायची), ब्लो-डाउन या तिन्ही लाइनींच्या फ्लँजमध्ये, म्हणजे नळीच्या जोडावर, ब्लँक प्लेट (नळी पूर्ण बंद करणारी भरीव चकती) घातलेली स्वतः पाहा.

मग हवा. ओलसर पोलाद बंद जागेत गंजताना आतला ऑक्सिजन खाऊन टाकते. वर, मध्ये आणि तळाशी मोजा, १९.५ टक्क्यांच्या खाली किंवा २३.५ च्या वर असेल तर आत जायचे नाही. (मापक उघड्या हवेत २०.९ दाखवत नसेल तर आधी तोच दुरुस्तीला द्या.) जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा मोजायचे असते, आणि नेमके तेच राहते.

दिवा २४ व्होल्टचाच हवा. २३० चा हॅलोजन वायर ओढून आत नेलेला अजूनही दिसतो. मॅनहोलपाशी एक माणूस सतत, दोरीचे टोक हातात धरून. आतला कोसळला तर बाहेरच्याने मागोमाग उतरायचे नाही; बाहेरून ओढायचे आणि मदत बोलवायची.

नकार देता येतो, पण तोंडी देऊ नका. आत उतरण्याच्या लेखी परवानगीवर, म्हणजे परमिटवर, "ब्लँक नाही" किंवा "ऑक्सिजन १८.९" असे कारण, वेळ आणि सही. "साहेब घाबरले" म्हणणारे आकड्याशी वाद घालत नाहीत.

प्रश्न : तपासणी मे महिन्यात लागली तर?

उत्तर : नागपुरात पारा ४५ कडे जातो तेव्हा ड्रमचे काम सकाळी सहा-सातला उरका, कागद दुपारी. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा. पेल्यात ओतले तर मीठ फार होते. माणूस असंबद्ध बोलू लागला तर पाजत बसू नका. सावलीत घ्या, अंग ओले करून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.