कन्सोल मॉनिटरला जोडताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

टीव्ही हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये घरातले सगळे. म्हणून कन्सोल आपल्या खोलीत न्यायचा आणि कॉम्प्युटरच्या मॉनिटरला जोडायचा, हा बेत सध्या बऱ्याच घरांत शिजतो आहे. या वेळी आलेले जवळजवळ सगळे प्रश्न त्याबद्दलचेच. आधी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण निम्म्या अडचणी तिथूनच सुरू होतात. मॉनिटरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला हर्ट्झचा आकडा (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो) बऱ्याचदा डिस्प्लेपोर्टचा, म्हणजे कॉम्प्युटरसाठीच्या वेगळ्या खाचेचा असतो. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेंडो यांपैकी कुणालाच डिस्प्लेपोर्ट नाही. तिथे चित्र बाहेर पडतं ते एचडीएमआयमधून. त्यामुळे मॉनिटर घेताना विचारायचं ते एवढंच : याच्या एचडीएमआयवर किती रिझोल्युशन, किती हर्ट्झ?

प्रश्न : भाऊ, माझ्याकडे पीएस५ आहे. २७ इंची, २के, १६५ हर्ट्झचा मॉनिटर घ्यायचा विचार करून राहिलो. बर्डीवरचा दुकानदार म्हणतो, पीएस५ला २के चालतच नाही, ४केच घ्या. खरं काय? – एक वाचक, मनीषनगर

दुकानदार सांगतो ते एके काळी खरं होतं. पीएस५ नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आला तेव्हा त्यात १०८०पी आणि ४के असे दोनच मुख्य पर्याय होते. बाजारात ज्याला २के म्हणतात ते २५६० बाय १४४० त्यात नव्हतं. सप्टेंबर २०२२ च्या सिस्टिम अपडेटमध्ये ते आलं. आता सेटिंग्जमध्ये स्क्रीन अँड व्हिडिओ, त्यात व्हिडिओ आउटपुट उघडा. १४४०पी तपासून पाहण्याचा पर्याय तिथेच आहे.

तुम्ही निवडलेला मॉनिटर मला पटतो. टेबलावर मॉनिटर डोळ्यांपासून दोन-अडीच फुटांवर असतो. २७ इंचांवर १०८०पी घेतलं तर एका इंचात साधारण ८२ ठिपके बसतात आणि ते एवढ्या जवळून जाणवतात. अक्षरांच्या कडा करवती दिसतात. त्याच आकारावर १४४०पी म्हणजे इंचाला १०९ ठिपके, आणि डोळ्यांना तेवढे पुरतात. ४के त्याहून रेखीव दिसेल, नाही असं नाही. पण पीएस५वरचे कितीतरी गेम आतून पूर्ण ४केमध्ये रंगवलेच जात नाहीत. कमी ठिपक्यांत चित्र तयार करून मग मोठं केलं जातं. उलट एखादा गेम खरोखर ४केमध्ये रंगवत असेल, तर १४४०पीवर ते चित्र आटवून दाखवलं जातं आणि कडा आणखी गुळगुळीत होतात. खेळायलाच मॉनिटर हवा असेल, तर वाचलेले पैसे चांगल्या पॅनलवर घाला.

आता १६५ हर्ट्झचं. पीएस५ जास्तीत जास्त १२० हर्ट्झ देतो. वरच्या ४५ चा कन्सोलला उपयोग नाही. त्यासाठी जादा पैसे मोजू नका, आयते मिळत असतील तर घ्या. १२० हर्ट्झसुद्धा गेमने दिले तरच. अनेक गेम ६० वर चालतात, काही ३० वर. ६० ला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, १२० ला ८.३. फुटबॉल, शर्यत, गोळीबार अशा गेममध्ये हा फरक हाताला कळतो.

१४४०पीला १२० हर्ट्झ मिळवायला एचडीएमआय २.० पुरतं. पण काही स्वस्त मॉनिटरवर एचडीएमआय अजून १.४ असतं, आणि तिथे १४४०पी साठ-पंचाहत्तर हर्ट्झवरच अडतं. खोक्यावर हे सापडणार नाही. कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवा आणि त्यात 'सपोर्टेड टायमिंग' या नावाचा तक्ता शोधा. एचडीएमआयच्या रकान्यात २५६० बाय १४४० पुढे १२० लिहिलेलं दिसलं, तरच पैसे द्या.

व्हीआरआर हवं असेल तर आणखी एक खबरदारी. गेमचा वेग वर-खाली झाला की मॉनिटरनेही आपला वेग त्याप्रमाणे बदलायचा, ही ती सोय. पीएस५ला ती एप्रिल २०२२ मध्ये मिळाली, आणि १४४०पीवर २०२३ मध्ये. पण पीएस५ फक्त एचडीएमआय २.१ पद्धतीचं व्हीआरआर ओळखतो. खोक्यावर फ्रीसिंक (याच सोयीची दुसरी पद्धत) लिहिलं आहे एवढ्यावर विसंबू नका. ते एक्सबॉक्सला चालतं, पीएस५ला नाही.

प्रश्न : पीएस४ प्रो नवीन २के मॉनिटरला लावला तर जुन्या २४ इंची फुल एचडीपेक्षाही चित्र भुरकट दिसतं. मॉनिटर खराब निघाला का? परत करू का? – वाचक, प्रतापनगर

मॉनिटर खराब नाही, परत करू नका. पीएस४ घराण्याला १४४०पी माहीतच नाही. साधा पीएस४ १०८०पीच्या वर जात नाही. प्रो ४के देतो, पण मधली पायरी गाळून. तुमचा मॉनिटर ४केचा सिग्नल घेत नसणार, म्हणून प्रो १०८०पीवर उतरला आहे.

आता भुरकट का, ते पाहा. १०८०पीमध्ये आडवे १९२० ठिपके, तुमच्या पडद्यावर २५६०. म्हणजे येणाऱ्या प्रत्येक ठिपक्याला पडद्यावरचे एक पूर्णांक एक तृतीयांश ठिपके झाकायचे आहेत. अखंड फरश्यांच्या जमिनीवर सव्वा-दीड फरशीएवढ्या चटया अंथराव्यात, तसं हे काम. कड कुठेतरी फरशीच्या मधोमध येणारच. मॉनिटर तिथे शेजारच्या दोन रंगांची सरासरी काढतो आणि ती सरासरी आपल्याला भुरकट दिसते. ४के पॅनलवर हाच १०८०पी सिग्नल बरोबर दुप्पट होतो, एका ठिपक्याचे चार, म्हणून तिथे हिशेब जुळायला जागा असते. तुमच्या जुन्या मॉनिटरवर तर ठिपक्यास ठिपका होता.

करायच्या गोष्टी क्रमाने सांगतो. मॉनिटरच्या मेन्यूत एचडीएमआयचा मोड किंवा आवृत्ती बदलण्याचा पर्याय आहे का पाहा. काही २के मॉनिटर ४के सिग्नल स्वीकारतात आणि स्वतःच आटवतात; मेन्यूत तो पर्याय चालू केला की प्रोमध्ये २१६०पी दिसू लागतं आणि चित्र एकदम सुधारतं. तसं नसेल तर प्रोच्या साउंड अँड स्क्रीनमध्ये व्हिडिओ आउटपुटमध्ये सुपरसॅम्पलिंग मोड आहे, तो चालू करा. मार्च २०१८ च्या अपडेटपासून ही सोय आहे. गेम आतून जास्त ठिपक्यांत रंगवला जातो आणि १०८०पीवर आटवून बाहेर येतो. मॉनिटरची शार्पनेस मात्र वाढवू नका. त्याने भुरकटपणा जात नाही, कडांभोवती पांढरी रेघ तेवढी येते.

प्रश्न : मॉनिटरचा एकमेव एचडीएमआय पोर्ट लॅपटॉपने अडवलेला आहे. डिस्प्लेपोर्ट रिकामा. दुकानातून डिस्प्लेपोर्ट-टू-एचडीएमआय केबल आणली, पण पीएस५ लावला की 'नो सिग्नल'. – वाचक, त्रिमूर्तीनगर

ती केबल एकाच दिशेची आहे. कॉम्प्युटरच्या डिस्प्लेपोर्टमधून निघून टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये जायचं, एवढंच तिला येतं. तुम्हाला उलट हवं आहे : एचडीएमआयमधून निघून डिस्प्लेपोर्टमध्ये शिरायचं. त्यासाठी आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो आणि त्याला बहुधा यूएसबीवरून वीज द्यावी लागते. दुकानात 'एचडीएमआय इन, डिस्प्लेपोर्ट आउट' असं स्पष्ट म्हणा.

तरीही तो घेऊ नका असंच सांगेन. लॅपटॉप डिस्प्लेपोर्टवर हलवा. लॅपटॉपच्या टाइप-सीमधून चित्र बाहेर पडत असेल तर टाइप-सी-टू-डिस्प्लेपोर्ट केबलने काम होतं, आणि एचडीएमआय कन्सोलला मोकळा राहतो. कन्व्हर्टर मध्ये आला की व्हीआरआर सहसा जातं आणि बिघाडाची एक जागा वाढते.

प्रश्न : काल रिझोल्युशन बदलायला गेलो आणि पीएस५चा पडदा काळा झाला. लाइट लागतो, आवाज येतो, चित्र नाही. – वाचक, कामठी

कन्सोल पूर्ण बंद करा. पॉवरचं बटण दाबून धरा. पहिली बीप लगेच येईल, तरी बोट काढू नका. साधारण सात सेकंदांनी दुसरी बीप आली की सोडा. हा सेफ मोड. कंट्रोलर यूएसबी केबलने जोडा, इथे तो बिनतारी चालत नाही. यादीत 'चेंज व्हिडिओ आउटपुट' आहे, त्यात रिझोल्युशन बदला. त्यानेही चित्र आलं नाही तर तिथेच एचडीसीपी (चित्राची नक्कल रोखणारं कुलूप) मोड बदलून पाहा. जुन्या मॉनिटरला नवा एचडीसीपी झेपत नाही, १.४ वर आणला की बरेचदा चित्र येतं. कन्सोलमधला डेटा यात जात नाही.

प्रश्न : मॉनिटरला स्पीकरच नाहीत. ब्लूटूथ हेडफोन पीएस५ला जोडून पाहिले, सापडतच नाहीत. – वाचक, धरमपेठ

पीएस५ साधे ब्लूटूथ हेडफोन घेत नाही. सगळ्यात सोपा उपाय तुमच्या हातात आहे : कंट्रोलरच्या खालच्या बाजूला ३.५ मिमीचं भोक असतं, मोबाइलचे वायरवाले इयरफोन तिथे लावा, माइकसुद्धा चालेल. स्पीकर हवे असतील तर मॉनिटरच्या मागे हेडफोनची खूण असलेलं भोक शोधा. एचडीएमआयमधून आलेला आवाज तिथून बाहेर पडतो. दोन्ही नसेल तर यूएसबी हेडसेट.

प्रश्न : सर, मुलगा बारावीत आहे. परीक्षा झाल्यावर एक्सबॉक्स सिरीज एस द्यायचा शब्द दिला आहे. घरी त्याच्या बाबांच्या ऑफिसातला जुना मॉनिटर आहे, मागे डीव्हीआय आणि व्हीजीए आहे. तो चालेल की नवा घ्यावा लागेल? – एक आई, मानेवाडा

ताई, डीव्हीआय आहे म्हणजे बरंच काम झालं. एचडीएमआय-टू-डीव्हीआय केबल साधी असते, तिला चिप लागत नाही. एक्सबॉक्स डीव्हीआयवर १०८०पी, ६० हर्ट्झ दाखवू शकेल. आवाज डीव्हीआयमधून येणार नाही असं धरून चाला. कंट्रोलरला इयरफोन लावला की झालं. व्हीजीएच्या वाटेला जाऊ नका.

एक शक्यता लक्षात असू द्या. मॉनिटर फार जुना असेल तर त्यात एचडीसीपी नसतो आणि सिनेमा दाखवणारी ॲप्स चालत नाहीत. मुलाला खेळायचंच आहे, तेव्हा सुरुवात यावर होऊ द्या. सिरीज एस मुळात १४४०पी डोळ्यांसमोर ठेवून बनवला आहे, तेव्हा पुढे मॉनिटर घ्यायची वेळ आली तर २के, १२० हर्ट्झ आणि फ्रीसिंक एवढं पाहा. ४केचा आग्रह त्याने धरला तरी धरू देऊ नका. आणि शब्द दिला आहे तर तो पाळा; मुलं त्या भरवशावर अभ्यास करतात.

प्रश्न : टीव्हीवर काळोख काळा दिसायचा, मॉनिटरवर राखाडी दिसतो. एचडीआर चालू केलं तर आणखी फिकट. – वाचक, सदर

दोन वेगळी दुखणी आहेत. राखाडी काळोखाचं कारण बहुधा आरजीबी रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला. टीव्हीची पद्धत मर्यादित रेंजची, मॉनिटरची पूर्ण रेंजची. एकाने एक पाठवलं आणि दुसऱ्याने दुसरं समजलं, की काळा राखाडी होतो किंवा सावल्या बुजतात. कन्सोलच्या व्हिडिओ आउटपुटमध्ये आरजीबी रेंज 'फुल' करा, आणि मॉनिटरच्या मेन्यूत ब्लॅक लेव्हल किंवा आरजीबी रेंज अशा नावाचा पर्याय असेल तर तोही त्याच्याशी जुळवा.

एचडीआर (उजेड-अंधारातला फरक वाढवून दाखवायची सोय) मात्र बंद करा. तुमच्या मॉनिटरवर डिस्प्लेएचडीआर ४०० लिहिलेलं आहे असं पुढे कळवलं आहे. या पातळीचे बहुतेक मॉनिटर सिग्नल घेतात, पण अंधाराचे आणि उजेडाचे भाग वेगवेगळे उजळायची सोय त्यांच्यात नसते. सगळा बॅकलाइट एकदम वर जातो, काळाही उजळतो.

प्रश्न : नवतप्यात पीएस५ खेळावा का? खोलीत कूलर आहे, एसी नाही. लाइनही जाऊन-येऊन राहते. – वाचक, हिंगणा रोड

हा प्रश्न विचारलात याचा आनंद झाला, कारण मॉनिटरपेक्षा मोठं नुकसान इथे होतं. पीएस५ वापरायचं तापमान ५ ते ३५ अंश असं कंपनीच सांगते. मे महिन्यात, नवतप्याच्या त्या नऊ दिवसांत, आपल्याकडे नागपुरात बाहेर ४५ च्या आसपास असतं, आणि पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी कूलर लावूनही ३५ च्या खाली येईलच असं नाही. दुपारी बारा ते पाच खेळू नका. सकाळी किंवा रात्री खेळा.

कूलर असेल तर कन्सोल त्याच्या झोतात ठेवू नका. झोत गार असला तरी दमट असतो, आणि खस किंवा पॅडमधली बारीक धूळही त्याच्याबरोबर येते. ती आतल्या जाळीवर चिकटली की पंखा ओरडायला लागतो. पीएस५ची बाजूची पट्टी काढली की धूळ जमायची दोन भोकं दिसतात, तिथून व्हॅक्यूमने ओढून घ्या. मॉनिटरच्या मागे कोंडीत कन्सोल सारून ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते. गरम हवा मागूनच बाहेर पडते, तिथे किमान वीतभर जागा सोडा.

लाइन जाण्यावर : पीएस५ खेळताना साधारण २०० वॅट घेतो, वर मॉनिटरचे तीस-चाळीस. ६०० व्हीएचा यूपीएस एवढा भार काही मिनिटं धरतो. गेम सेव्ह करून नीट बंद करायला तेवढी मिनिटं पुरेत. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना, ते पाहा. दुसऱ्या मोडमध्ये वीज पलटायला जो वेळ लागतो तेवढ्यात कन्सोल बंद पडू शकतो. एचडीएमआय केबल काढता-घालताना दोन्ही उपकरणांचे स्विच बंद ठेवा. आणि मॉनिटरची तीन पिनांची प्लग दोन पिनांच्या ॲडॉप्टरमध्ये घुसवू नका, अर्थिंग सुटतं.

प्रश्न : ३४ इंची अल्ट्रावाइड आहे, ३४४० बाय १४४०. पीएस५ पूर्ण पडदा भरेल का? – वाचक, महाल

नाही. कन्सोलचं चित्र १६:९ च्या मापाचं असतं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील. मॉनिटरमध्ये आस्पेक्ट 'ओरिजिनल' ठेवा, नाहीतर चित्र आडवं ताणलं जाऊन मैदानावरचे सगळे खेळाडू जाडे दिसतील. मधला भाग २७ इंची २के मॉनिटरएवढाच भरतो, तेव्हा हातात आहे तो मॉनिटर खुशाल वापरा. फक्त कन्सोलसाठी नवा घेत असाल, तर अल्ट्रावाइड घेऊ नका.